सातव्या पेल्याचं उत्तर

१

लखोटा फोडायला घेतला त्या क्षणीच जलीला फुरातीला कळलं, की तो आधी एकदा फोडला गेला आहे.

मंगळवारी संध्याकाळी तिने त्याच्या झाकणीवर स्वतः आडवी सही केली होती, अर्धी झाकणीवर आणि अर्धी पाकिटावर. आज, बुधवारी दुपारी, सहीचे ते दोन भाग एकमेकांना मिळत नव्हते. फरक फार तर दीड मिलिमीटरचा होता. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत तो भरलाही नसता. पण मनुष्यबळ विभागात येण्यापूर्वी जलीलाने एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती, आणि खातं बदललं म्हणून मोजण्याची सवय सुटत नाही.

लखोट्यात उत्तरतक्ता होता. सफाकिस शहरातल्या ऑलिव्ह तेल संघाच्या चवमंडळावर, म्हणजे तेल चाखून पारखणाऱ्या मंडळावर, एक जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी सकाळी परीक्षा झाली होती. जाड निळ्या काचेचे बारा पेले, प्रत्येकात घोटभर तेल. तेलाचा रंग दिसला की डोळा जिभेला फितवतो, म्हणून काच निळी. प्रत्येक पेल्यापुढे पाचांपैकी एक शेरा लिहायचा: निर्दोष, ढिगात आंबलेलं, बुरसट, खवट किंवा शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, वासाचं. पाच उमेदवार बसले होते. गुण असे पडले: अन्वर जल्लूली बारा, तुरकिया हरमासी अकरा, उरलेले तिघे सात, सहा आणि पाच.

"बारा मी समजू शकतो," संघाचे संचालक सी लतीफ म्हणाले; तिकडे पुरुषाला मानाने 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला'. "पोरगा रसायनशास्त्राचा पदवीधर, घरात तीन पिढ्या तेलाच्या. पण अकरा? पेले विसळणाऱ्या बाईला अकरा? अहो लल्ला जलीला, उद्या ती माझ्या खुर्चीत बसायचं म्हणेल!"

"लखोटा कुणीतरी उघडला आहे, एवढंच सिद्ध झालंय," जलीला म्हणाली.

"मग राहिलेलं सिद्ध करा. उद्या दुपारी बाराला मला राजधानीला नाव कळवायचंय. त्याआधी त्या बाईला कामावरून काढल्याचा कागद आणि पोलिसांना द्यायची तक्रार, दोन्ही माझ्या टेबलावर हवीत."

जलीलाने मान डोलावली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. लखोटा तिच्या खोलीत टेबलाच्या खणात होता, आणि त्या खोलीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक तिच्या पर्समध्ये असे. दुसरी झाडलोटीसाठी तुरकियाच्या कमरेला.

२

पद्धत म्हणून तिने यादी केली. मंगळवारी संध्याकाळपासून परीक्षेपर्यंत खोलीत कोण कोण आलं? मी. तक्ता आणून देणारे सी मुंसिफ. सकाळी सातला झाडायला आलेली तुरकिया. तीन नावं. यादी तिने दोनदा वाचली आणि खाली रेघ ओढली.

सी मुंसिफ इल्लूझ चवमंडळाचे प्रमुख होते. वय अडुसष्ट. त्यांनी 'नाही' म्हटलेलं तेल तीस वर्षांत एकदाही जहाजावर चढलं नव्हतं. ते रुमालाने नाक पुसत आले.

"धूळ आहे," ते म्हणाले. "डिसेंबरात गिरण्यांची धूळ."

"पेले तुम्हीच भरलेत?"

"तीस वर्षं मीच भरतो."

"आणि उमेदवारांनी शिस्त पाळली?"

"पाचांना लेखी दिलं होतं. चाखण्याआधी तासभर कॉफी नाही, तंबाखू नाही, अत्तर नाही. कॉफी प्यायलेल्या जिभेला अर्धं तेल दिसतच नाही, पोरी. तुरकियाने तर सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं." ते थांबले. "तिला काढणार?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला पेल्यांपलीकडचं काही वाटत नाही," असं म्हणून ते घाईने उठले. नेहमी ते इतक्या घाईने उठत नसत.

त्यानंतर अन्वर आला. सत्तावीस वर्षांचा, नीटनेटका, तिच्याच मोहल्ल्यातला. तो रसायनशास्त्र शिकला तोही तिच्याच जुन्या प्राध्यापकांच्या हाताखाली. मुलाखतीत तिने त्याला दहापैकी नऊ दिले होते.

"काही गडबड झाली म्हणतात," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या बाईंना सांभाळून घ्या, लल्ला. गरिबाच्या हातून होतं असं."

"तू बारा कसे आणलेस, ते सांग."

तो हसला. "तुमच्या हातच्या कॉफीचा गुण! संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून हल्ली कोण देतं? अजून जिभेवर आहे."

जलीलाही हसली. तो गेल्यावर खोली क्षणभर घरासारखी वाटली. त्याच प्रसन्न मनाने तिने तुरकियाला बोलावलं.

३

तुरकिया दारातच उभी राहिली. वय शेहेचाळीस, कसरीनच्या डोंगराकडची. चौदा वर्षांपूर्वी ऑलिव्हच्या तोडणीला टोळीबरोबर आली आणि इथेच राहिली. तिचे हात साबणाने पांढरे पडले होते.

"बस."

"उभीच बरी. चोराला कुणी खुर्ची देत नाही."

"चोर कुणी म्हटलं तुला?"

"अजून कुणी नाही. पण सकाळी मला 'सबाह अल खैर' म्हणणारे सगळे दुपारपासून भिंतीकडे बघून चाललेत."

जलीलाने कागद पुढे ओढला. "लखोटा माझ्या खणात होता. खोलीची किल्ली तुझ्याकडे. सात ते साडेसात तू इथे एकटी होतीस."

"होते. रोज असते. चौदा वर्षांत तुमच्या खणातली टाचणी तरी हरवली का?"

"आणि अकरा गुण?"

"ते जिभेचे. पण एक विचारते, लल्ला. मला चोरायचंच होतं, तर बारा चोरले असते. अकराच कशाला?"

"संशय येऊ नये म्हणून सातवा मुद्दाम चुकवलास."

तुरकिया पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू काही गोड नव्हतं. "म्हणजे बारा आले असते तरी मी चोर, अकरा आले तरी चोर. मग सांगा ना, किती आणले असते म्हणजे मी चोर ठरले नसते? पाच? पाच आणले असते तर तुम्ही म्हणाला असता, हिला अक्षरओळख तरी आहे का!"

जलीलाने हातातलं पेन कागदावर ठेवलं.

"आणि मी मुद्दाम काही चुकवलं नाही," तुरकिया म्हणाली. "सातव्या पेल्यापुढे मी 'ढिगात आंबलेलं' लिहिलं, ते तसंच होतं. तुमचा तक्ता 'निर्दोष' म्हणत असेल, तर तक्ता चुकलाय. पोलिसांपुढेही मी हेच सांगेन."

ती निघून गेली. जलीलाने समोरचा कागद बाजूला सारला. कुठलंही निरीक्षण आलं तरी जो सिद्धान्त खराच ठरतो, तो सिद्धान्त नव्हे, हे तिने दरवर्षी नव्या प्रयोगसहायकांना शिकवलं होतं. आज तसाच एक सिद्धान्त घेऊन ती दुपारपासून बसली होती.

तिने मुलाखतींचे कागद काढले. दोघांनाही तिने एकच प्रश्न विचारला होता, आणि उत्तरापूर्वी दोघंही थांबले होते. अन्वरच्या कागदावर तिच्याच अक्षरात शेरा होता: 'विचार करून बोलतो.' तुरकियाच्या कागदावर: 'उत्तर टाळते.' गुण, चार.

४

आतापर्यंत सगळ्यांनी बरोबर उत्तरंच मोजली होती. जलीलाने पाचही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या आणि चुका वाचायला घेतल्या.

चुका इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या. सहा गुण मिळवणाऱ्याने खवट तेलाला बुरसट म्हटलं होतं, पाच मिळवणाऱ्याने निर्दोष तेलात शिरका शोधला होता. प्रत्येकाची चूक ज्याची त्याची. फक्त सातव्या पेल्यापाशी तसं नव्हतं. तुरकियाने तिथे 'ढिगात आंबलेलं' लिहिलं होतं. सात गुणांच्या उमेदवारानेही तेच. सहाच्याही तेच. पाचच्याने 'बुरसट'. चार वेगवेगळ्या जिभांना त्या पेल्यात खोट लागली होती. 'निर्दोष' म्हणणारे दोनच: उत्तरतक्ता आणि अन्वर.

ती उठली आणि थेट सी मुंसिफ यांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. त्यांच्या टेबलावर बाटलीत अत्तर होतं, कुठल्याशा व्यापाऱ्याने भेट दिलेलं. तिने बूच काढलं आणि बाटली त्यांच्या नाकाखाली धरली.

"हे कसलं, सी मुंसिफ?"

सी मुंसिफ यांनी हातातला रुमाल टेबलावर ठेवला.

"चार दिवस झाले," ते पुटपुटले. "पडसं. काहीच येत नाही. गुलाब धर नाहीतर रॉकेल धर."

"आणि पेले भरलेत?"

"परीक्षा पुढे ढकलली असती, तर सगळ्यांना कळलं असतं. या वयात गेलेलं नाक परत येईल की नाही, कुणी सांगावं? अकरा बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, पोरी, प्रयोगशाळेच्या अहवालासकट. सबीतलाच्या गिरणीच्या दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या मात्र भिजून निघाल्या होत्या. एक चांगली, एक टाकाऊ. मला चांगली हवी होती. मी उजेडात धरून पाहिल्या. एक पिवळट होती, एक हिरवीगार."

"आणि तुम्ही हिरवी घेतलीत."

"मी!" त्यांनी कपाळावर हात मारला. "रंगावर जाऊ नका म्हणून ज्याने तीस वर्षं पोरांचे कान पिळले, तो मी!"

जलीला त्यांच्यावर रागावू शकली नाही. डोळ्यांनी निवड करणारे त्या दिवशी ते एकटेच नव्हते. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. चार जिभा एकदम चुकू शकतात, आणि तुरकियाने तक्ता पाहून सातव्यावर केवळ तुक्का मारला असणंही अशक्य नव्हतं. प्रयोग पुन्हा करायला हवा होता, आणि हातात उद्याची सकाळ तेवढी होती.

५

गुरुवारी सकाळी आठला चवमंडळाच्या खोलीत पुन्हा पेले मांडले गेले. या वेळी मांडणी जलीलाची होती. सी मुंसिफ यांनी आतल्या खोलीत चिठ्ठ्या वाचून अकरा पेले भरले आणि त्यांना अक्षरं दिली. बारावा सबीतलाच्या हिरव्या तेलाचा. मग ते बाहेर गेले, आणि जलीलाने एकटीने आत जाऊन, कुठलं तेल कुठलं हे न जाणता, अक्षरं काढून चिठ्ठ्या टाकून निघालेले आकडे लावले. अर्धं गुपित एकाकडे, अर्धं दुसऱ्याकडे. चोरायला पूर्ण गुपित जगात कुठेच नव्हतं.

आधी अन्वर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. अर्ध्या तासाने त्याने कागद दिला आणि न बोलता बाहेर जाऊन बसला.

"या, तुरकियाबाई. तुम्ही बसा," जलीला म्हणाली.

"रात्रीतून 'तुम्ही' झाले का मी?" तुरकिया म्हणाली, पण बसली.

तिने पेला दोन्ही तळव्यांत धरला, उबवला, काचेचं झाकण जरासं सरकवलं. श्वास एकदाच घेतला, लांब नाही. घोट जिभेवर फिरवून दातांतून हवा ओढली. मग सफरचंदाची फोड, पाण्याचा घोट, आणि पुढचा पेला. जलीला भिंतीशी उभी राहून घड्याळ बघत होती; पण चौथ्या पेल्यानंतर ती घड्याळ विसरली. तुरकियाच्या चेहऱ्यावर कसलेही कष्ट नव्हते. गर्दीत ओळखीची माणसं दिसावीत आणि आपण एकेकाला नावाने हाक मारावी, तशी ती लिहीत होती.

नवव्या पेल्यापाशी ती थांबली. "हा कालचाच सातवा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भेटलेला माणूस ओळखू येत नाही का?" तिने पुन्हा वास घेतला. "पोत्यात राहिलाय हा. ढिगात नव्हे, पोत्यात. तागाचा वास आहे. चार दिवस, नाहीतर पाच. आणि थंडीत, उघड्यावर. वर पाला घातलाय गिरणीत, भरपूर. फळाचा हिरवेपणा वेगळा आणि पाल्याचा वेगळा. ही लबाडी आहे, लल्ला. म्हाताऱ्याला मेंदी लावून नवरदेव केलाय."

सी मुंसिफ बाहेरून आत आले होते. ते दारापाशी उभे राहून ऐकत होते.

दोन अर्धी गुपितं जुळवण्यात आली. चिठ्ठ्या असलेल्या अकरा पेल्यांपैकी अन्वरची पाच उत्तरं बरोबर होती. तुरकियाची अकरा. जलीलाने सवयीने समासात आकडेमोड केली. निव्वळ नशिबाने अकरापैकी अकरा येण्याची शक्यता चार कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांत एक. तिने ती पुन्हा करून पाहिली. उत्तर तेच आलं.

नवव्या पेल्याचा निकाल चिठ्ठीत नव्हता. म्हणून तिने सबीतलाच्या गिरणीवाल्या हम्मादीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"हम्मादी, त्या हिरव्या तेलाची फळं पोत्यात किती दिवस होती?"

पलीकडून सावध आवाज आला. "ट्रक बिघडला हो, लल्ला. डोंगरातच. पाच दिवस."

"आणि पाला?"

"थोडासा... रंगापुरता." आवाज एकदम खाली आला. "पण हे तुम्हाला सांगितलं कुणी? मी तर बायकोलाही बोललो नाही!"

जलीलाने फोन ठेवला. दीडशे किलोमीटरवर, डोंगराच्या एका वळणावर बंद पडलेला ट्रक, त्यावरची पोती, त्यांवरून गेलेल्या पाच थंड रात्री हे सगळं एका घोटात होतं, आणि या बाईने ते वाचलं होतं. जलीलाला चमत्कारांचं वावडं होतं. इथे चमत्कार नव्हताच. होती ती कसोटीला उतरलेली वस्तुस्थिती, आणि म्हणूनच तिच्या अंगावर काटा उभा राहिला.

६

तुरकिया निर्दोष होती. पण लखोटा कुणी तरी फोडलाच होता.

अकरा वाजले. सी लतीफ यांच्या खोलीत जलीलाने आपली तीन नावांची यादी आणि नावाची जागा रिकामी ठेवलेली पोलीस तक्रार टेबलावर ठेवली आणि अन्वरला समोर बसवलं.

"ही यादी मी केली," ती संचालकांना म्हणाली. "परीक्षेपूर्वी माझ्या खोलीत कोण आलं त्याची. ती चुकीची आहे. हिच्यात चौथं नाव नाही."

"कुणाचं?"

"याचं. काल सकाळी पावणेनऊला हा मला सलाम करायला आला. मी त्याला बसवलं आणि कॉफी करायला गेले. सहा मिनिटं तो त्या खणाशेजारी एकटा होता. यादी करताना मला तो आठवला नाही. विसरले असं नाही; तो खोलीत 'आला' असं मला वाटलंच नव्हतं. आपलं माणूस घरात असतं, ते येत नाही."

"हे काही खरं नाही," अन्वर म्हणाला. "कॉफीपुरता बसलो, एवढंच."

"तीच कॉफी, अन्वर. परीक्षा साडेनऊला. तासभर आधी कॉफी वर्ज्य, हे तुला लेखी मिळालं होतं. ज्याला जीभ वापरायची आहे, तो ती कॉफी घेणार नाही."

"तुम्ही एवढ्या प्रेमाने केलीत, नाही कसं म्हणू?"

"मी ते मान्य केलं असतं. पण मग त्या जिभेने तू बारापैकी बारा आणलेस, आणि आज, कॉफी न घेता, अकरांत पाच. आणि त्या बारांत सातवा होता. ज्याने ज्याने तो पेला चाखला, त्या सगळ्यांनी खोट काढली. त्याला निर्दोष म्हणायला एकच रस्ता होता, तक्ता वाचणं. तुझे अकरा गुण काही सांगत नाहीत, पोरा. तुला धरलं ते बाराव्या गुणाने."

अन्वर म्हणाला, "गोंद धड चिकटला नव्हता. तुमची कागद कापायची सुरी तिथेच पडली होती. घरी सगळे धरूनच चालले होते, लल्ला. आजोबा, वडील, मग मी. माझ्या तोंडाला काही कळत नाही, हे मी कुणाला सांगू?"

सी लतीफ यांनी ती तक्रार उचलून फाडली. "पोलीस नको. जल्लूलींचं घर आहे, त्याच्या बापाशी मी बोलतो."

"काल तुरकियाबाईंसाठी पोलीस हवे होते," जलीला म्हणाली. "कालचा नियम आज बदलायचा असेल, तर तो का बदलला ते लिहून द्या. मी फाइलला लावते."

संचालकांनी नवा कागद ओढला. "आणि खण उघडा ठेवून बाहेर कोण गेलं, तेही येणार अहवालात. ठाऊक आहे ना?"

"पहिल्याच ओळीत आहे," जलीला म्हणाली. "मुलाखतीचे गुणही मी रद्द केलेत. दोघांचेही."

बाराला सात मिनिटं कमी असताना राजधानीला नाव गेलं.

७

तुरकिया नेमणुकीच्या कागदावर सावकाश, एकेक अक्षर जोडत सही करत होती. जलीलाने माफी मागितली. मोजकी, पण कारणासह. तुरकियाने ती ऐकून घेतली.

"राग येतो," ती म्हणाली. "इतक्यात जाणार नाही तो."

"जाऊ नये."

"पेले विसळताना तळाशी थेंब राहतो. चौदा वर्षं तोच हुंगत आले. सी मुंसिफ काय म्हणाले ते आतून ऐकू यायचं, आणि मी मनात म्हणायचे, बरोबर. कधी म्हणायचे, नाही बाबा, आज चुकलास." ती हसली. "माझ्या जागी आता दुसरी येईल ना विसळायला?"

"सोमवारी."

"तिलाही एकदा चाखायला द्या. माझ्या आधी सालिहा होती. ती माझ्याहून पुढची होती. वास न घेता नुसता पेला उचलून सांगायची. पाठ धरली तिची, गावी गेली. तिच्या आधीची मला माहीत नाही."

ती गेली. जलीलाने कर्मचाऱ्यांची जुनी रजिस्टरं मागवली आणि सालिहाचं नाव शोधू लागली. विसळणाऱ्या बायका रोजंदारीवर होत्या. त्यांची नोंद माणशी नव्हे, दिवसांनी होती. बाया दोन. बाया तीन. बाया दोन. चाळीस वर्षांची पानं तिने उलटली. अशा किती जिभा त्या इमारतीतून येऊन गेल्या असतील, याचं गणित मांडायला तिने पेन्सिल उचलली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मांडायला एकही आकडा हाती नसल्यामुळे, ती तशीच हातात धरून बसून राहिली.